बाबांचा गव्हाचा ब्रेड

३ फेब्रुवारी, सोमवार

नवरा म्हणतो, "तू एकच तक्रार मला तीन-तीनदा सांगतेस. त्यापेक्षा लिहून काढत जा, डोकं शांत होईल." म्हणजे त्याचं डोकं. ठीक आहे, ही वही घेतली. आजची तक्रार इथे लिहिते आणि त्याला एकदाही सांगत नाही. बसू दे.

संध्याकाळी दवाखान्यातून घरी आले तर ओट्यावर पांढरंशुभ्र यंत्र. बादलीएवढं, वर झाकणाला काचेची खिडकी. ब्रेड करायचं मशीन म्हणे. त्याच्यासाठी मिक्सर खिडकीत गेलेला, आणि मी भाज्या चिरते ती फळी कुठे, तर वॉशिंग मशीनवर! बाबा, म्हणजे माझे सासरे, खुर्ची ओढून सूचनांचं पुस्तक भिंग लावून वाचत होते. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर आयुष्य काढलेला माणूस. यंत्र दिसलं की त्याची खोलात जाऊन चौकशी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"बाबा, ब्रेड कोपऱ्यावर मिळतो की."

"तो मैद्याचा. मैदा बरा नाही."

"तुम्हाला कधीपासून मैदा बाधायला लागला?"

"मला नाही गं." मग भिंग पुसत म्हणाले, "एकूणच. माणसाला."

सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. तीन वर्षांत स्वयंपाकघरात पाण्याच्या पेल्यापलीकडे कशाला हात लावला नव्हता. आता एकदम अखिल माणसाच्या पोटाची काळजी. रिकामा वेळ, दुसरं काय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला ब्रेड झाला. ब्रेड म्हणायचं म्हणून. लेकीने टेबलावर आपटला तर टेबलाने आवाज दिला, ब्रेडने नाही.

झालं असं की नुसतं गव्हाचं पीठ घातलं आणि बटण दाबलं मैद्याच्या ब्रेडचं. गव्हाचं वेगळं बटण असतं. ते आधी पीठ भिजू देतं, मग मळतं. हे मला कसं कळलं? बाबांनीच जेवताना सांगितलं, दोनदा. "गव्हातला कोंडा पाणी पितो. त्याला वेळ द्यावा लागतो. घाई केली की कोरडा राहतो." घास तोंडात तसाच ठेवून मी ऐकलं. मळताना मशीन ओट्यावरून चालायला लागतं, ते धरून बसावं लागतं, हेही सांगितलं. ते धरून बसले होते म्हणे.

नवऱ्याने दोन तुकडे सूपमध्ये बुडवून खाल्ले आणि म्हणाला, "चव आहे." या माणसाने माझ्या कुठल्याही पदार्थाला आजवर "चव आहे" म्हटलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज फुगला. झाकणाच्या काचेला जाऊन टेकला. बाबा लहान मुलासारखे हाका मारत होते, "या, या, बघा!" आम्ही जाईपर्यंत मधोमध बसला. खड्डा पडला, त्यात वाटीभर आमटी राहिली असती. यीस्ट जास्त झालं, शिवाय बाबांनी कौतुकाने झाकण उघडून पाहिलं. मधेच गार हवा लागली की तो रुसतो, हे पुस्तकात लिहिलंय. भिंग असूनही ते दिसलं नाही.

एवढ्यावर थांबतील तर बाबा कसले! कडेचा त्यातल्या त्यात बरा भाग कापून स्वच्छ रुमालात बांधला आणि निघाले.

"कुठे?"

"खाली. जरा विचारून येतो कुणाला तरी, काय चुकलं ते."

आम्ही पाचव्या मजल्यावर. खाली म्हणजे चार मजले. जेवायला बोलवायला लेकीला पाठवावं लागलं. तीही तिकडेच अर्धा तास. ब्रेडला खड्डा का पडतो यावर एवढी चर्चा!

१५ फेब्रुवारी, शनिवार

गूढ. मशीन एक दिवसाआड घरघरतं, घरभर वास सुटतो (वास छान असतो, ते मान्य), आणि दवाखान्यातून येऊन बघावं तर ब्रेड नाही. सुरीला भुगा लागलेला, ब्रेड गायब. मी कचऱ्याचा डबा पाहिला. नाही.

लेकीला विचारलं, "आजोबा बिघडलेले ब्रेड टाकतात कुठे?"

तिला दूध पिताना ठसका लागला. सतरा वर्षांची घोडी, अजून दूध नाकात जातं.

"टाकत नाहीत गं आई."

"मग?"

"पक्ष्यांना घालत असतील."

गच्चीवर जाऊन आले. एक कण नाही. पक्षीही नाहीत. मला वाटतं बाबा लपवून खातात. या वयात एवढा ब्रेड! पोट बिघडलं की निस्तरायचं मला.

बाकी त्यांचा अवतार सुधारलाय. शर्टांच्या कॉलरी ताठ, तुटकी बटणं सगळी जागेवर, करड्या पँटला बसलेली खोच कुठे होती ते शोधूनही सापडत नाही. मी विचारलं, कुणाकडून करून घेतलं? म्हणाले, "होतं आपलं." बटणं आपली आपण होत नाहीत. मला सांगितलं असतं तर मी लावली नसती का? लावली नसती. पण सांगायला काय जातं!

१९ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर कान तपासायच्या काचेच्या खोलीत लोकांना बसवून "आवाज ऐकू आला की बटण दाबा" म्हणत राहायचं. आज तर सगळे नुसतेच बघत बसणारे आले. हात टेकले.

आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या रफूवाल्या बाई आल्या होत्या. घरीच शिवणकाम करतात, एकट्या असतात, सत्तरीला आल्यात. कानातलं यंत्र मीच बसवून दिलंय, ते पुन्हा जुळवून हवं होतं.

"शिवणाचं मशीन चालू असलं की समोरचं बोलणं कळत नाही. जाड आवाज असतो ना एकेकाचा, आणि बोलणं सावकाश. शेवटचे शब्द तर पोटातच."

मी म्हटलं, "बोलताना मशीन बंद ठेवा की."

"नाही हो. मशीन थांबलं की त्यांना वाटतं आपला अडथळा होतोय. लगेच उठतात."

"कोण?"

"गिऱ्हाईकं," बाई म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

जाड पुरुषी आवाजासाठी जुळवून दिलं. साखरेचंही सांगत होत्या, डॉक्टरांनी मैदा बंद केलाय म्हणे. मी म्हटलं, ते माझं खातं नाही. मनात आलं, हिला पुरुष गिऱ्हाईकंच फार दिसतात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज कहर झाला.

मशीनच्या भांड्यात तळाशी एक छोटं पातं असतं, पीठ मळणारं. ते हरवलं. सकाळपासून बाबा ओट्याखाली, सिंकमध्ये, फ्रीजमागे. मी दवाखान्यात जायच्या घाईत, आणि हे माझ्या पायात बॅटरी घेऊन रांगतायत. तेवढ्यात बेल वाजली. दारात रफूवाल्या बाई. हातात घडी घातलेला रुमाल, त्यात पातं. घासून लख्ख केलेलं.

"हे तुमचं... आमच्याकडे आलं. ब्रेडमध्येच राहिलं होतं."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे ते सगळे दगड बाबा या बाईंच्या गळ्यात मारत होते! एकटी बाई, भिडस्त स्वभाव, तोंडावर नाही कसं म्हणणार? आणि आज तर लोखंड खायला घातलं!

मी बाईंना जिन्याशी नेऊन म्हटलं, "बाबा फार त्रास देतात का तुम्हाला? स्पष्ट सांगा, संकोच करू नका."

"त्रास? नाही हो." त्या लालबुंद झाल्या. बिचाऱ्या. किती तो संकोच.

आत येऊन बाबांना सुनावलं. आवाज चढला माझा. "बाबा, तुमचा खेळ होतो, पण लोकांचे दात जातील. त्या बाई भिडेखातर घेतात. घरात येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोण जा म्हणतं? तुम्हाला कळायला नको?"

बाबा ओट्याला टेकून उभे होते. म्हणाले, "तसं म्हणाल्या त्या?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतं ना!"

"बरं," म्हणाले. पातं खिशात घातलं आणि खोलीत गेले. कधीतरी स्पष्ट बोलावंच लागतं.

४ मार्च, मंगळवार

शांतता. मशीन बाबांनी स्वतःच पुसून खोक्यात घालून माळ्यावर ठेवलं. ओटा मोकळा झाला, फळी जागेवर आली. कधी नव्हे ते सुख.

बाबा बाल्कनीत बसलेले असतात. पेपर उलगडत नाहीत. दाढी केलेली नाही. रात्री अर्धी वाटी सूप पिऊन उठले. विचारलं तर "भूक नाही." नवरा म्हणाला, "डॉक्टरांना दाखवू या का?" मी म्हटलं, एवढे दिवस चोरून खाल्लेले ब्रेड बाहेर पडतायत.

पण ते खोटं आहे. ब्रेड ते खात नव्हते. माझं मलाच लिहिताना ध्यानात आलं. असो.

९ मार्च, रविवार

लिफ्टमध्ये रफूवाल्या बाई भेटल्या. हातात पिशवी, तीत कोपऱ्यावरचा ब्रेड. मैद्याचाच. माझ्याकडे बघायचं टाळत होत्या, मग एकदम म्हणाल्या, "बाबा बरे आहेत ना?"

मी म्हटलं, "हो, अगदी! ते ब्रेडचं खूळ उतरलं एकदाचं. सुटलात तुम्ही."

त्या लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्याने पुन्हा सांगितलं, "खूळ उतरलं म्हटलं त्यांचं!"

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "बरं झालं." आणि दुसऱ्याच मजल्यावर उतरल्या. त्यांचा तिसरा. मी हाक मारेपर्यंत दार बंद.

चांगलं केलं तरी लोकांना लागतं. मी काय वाईट बोलले?

११ मार्च, मंगळवार

जेवताना लिफ्टची गंमत म्हणून लेकीला सांगितली. तिने ताट सरकवलं.

"आई, तू त्यांना *असं* म्हणालीस?"

"मग काय म्हणायचं?"

"तू दिवसभर लोकांचे कान तपासतेस ना गं? आजोबांना त्या आवडतात! आणि त्यांना आजोबा! अख्ख्या जिन्याला माहितीय. वॉचमनकाकांना माहितीय!"

मी म्हटलं, काहीतरीच काय. ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत.

"मग?"



आधी संताप आला. सगळ्यांचा. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! सरळ मराठीत सांगता येत नाही? "सूनबाई, मला खालच्या बाई आवडतात, त्यांना मैदा चालत नाही" — एवढं वाक्य. त्यासाठी पीठ, यीस्ट, भिंग, बॅटरी! आणि ती कार्टी, तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, पक्ष्यांच्या नावाने मला गच्चीवर चढवलं.

मग कॉलरी आठवल्या. बटणं आठवली. दवाखान्यातला जाड आवाज आठवला. तो आवाज मी स्वतःच्या हाताने जुळवून दिला होता, आणि नंतर त्याच आवाजाला गप्प केलं. पुढे लिहवत नाही.

१२ मार्च, बुधवार

आज सुट्टी टाकली. माळ्यावरून खोकं काढलं. बाबा बाल्कनीतून बघत होते, उठले नाहीत. मी गव्हाचं पीठ घातलं, पाणी घातलं, बटण दाबलं. मळून मळून गोळा होईना. कोरडा भुगा भांड्यात नुसता फिरतोय. मला रडू येणार इतक्यात मागून आवाज आला, "पाणी कमी आहे. चमचा चमचा घाल. एकदम नको."

मी चमच्याने पाणी घालत राहिले. त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "बाबा, त्या बाई काहीही म्हणाल्या नव्हत्या. भिडेखातर घेतात हे माझं मी म्हटलं. माझ्या मनाने."

मशीन घरघरत होतं. 

"नक्की?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. सासऱ्यांचे डोळे असे कधी पाहिले नव्हते. नवऱ्याचे पाहिलेत, आमचं ठरत होतं तेव्हा.

"नक्की, बाबा."

"मला त्यांना विचारायचं होतं," ते म्हणाले. "एकत्र राहू या का म्हणून. पण म्हटलं, आधी ब्रेड नीट होऊ दे. निदान एक. माणसाने हातात काहीतरी धड घेऊन जावं."

मी कपाळाला हात लावला. कोरड्या पिठाचा हात होता. तुमचा ब्रेड नीट होईपर्यंत थांबायचं तर त्या बाईंना शंभरी गाठावी लागेल, असं ओठांवर आलं होतं. बोलले नाही.

१३ मार्च, गुरुवार

तिसऱ्या मजल्यावर गेले. बाईंनी दार उघडलं, कानात यंत्र नव्हतं. खुणेने विचारलं तर म्हणाल्या, "काढून ठेवलंय. ऐकायचं काय होतं?"

मी खुणेनेच हात जोडले. त्या आत जाऊन यंत्र घालून आल्या, बसल्या. मी सगळं सांगितलं. त्या मांडीवरच्या कोटाचं अस्तर उसवत ऐकत होत्या. मला वाटलं रडतील, पण भडकल्या.

"म्हणजे तू तुझ्या मनाने बोललीस, आणि त्यांनी तुझं ऐकून येणं सोडलं! दोन जिने उतरून एकदा विचारता येत नव्हतं मला? पंपांची कामं केली म्हणे आयुष्यभर! पंप बंद पडला की असेच घरी बसायचे का?"

पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाल्या. बरं वाटलं.

दारापर्यंत आल्यावर माझा दंड धरला. "एक सांगू? ब्रेड फार वाईट असतो गं. आत चिकट. कधी मीठ नाही, कधी दुप्पट. पण ते येऊन बसतात, 'जमलाय का' विचारतात आणि मी खाऊन होईपर्यंत उठत नाहीत. म्हणून मी हळूहळू खाते. त्यांना सांगू नकोस."

१६ मार्च, रविवार

घोडं अडलं ते नवऱ्यापाशी. बाबांनी जेवण झाल्यावर सांगितलं, पंपाचा अहवाल द्यावा तसं. बाईंनाही विचारून झालंय, त्या हो म्हणाल्यात. नोंदणी सावकाश करू, राहायला खाली जाईन.

नवरा आधी हसला. मग हसू गेलं. "बाबा, या वयात? लोक काय म्हणतील? आणि आई..."

"आई काय?"

"तीन वर्षं झाली फक्त."

बाबा म्हणाले, "तुझ्या आईबरोबर मी अडतीस वर्षं राहिलो. ती माझ्या हिशेबातून जात नाही, जाणारही नाही. पण तीन वर्षं रोज सकाळी उठून मी फक्त तुमच्या वाटेत न येण्याचा प्रयत्न केला. दुसरं काही कामच नव्हतं मला."

 मला आजवर वाटत होतं, वाटेत येतात म्हणून चिडायचा हक्क फक्त माझा.

नवरा म्हणाला, "आमच्याकडे तुम्हाला काय कमी होतं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "म्हणून तर कुणाच्या उपयोगी पडता येत नव्हतं."

नवरा उठून गेला. बेडरूमचं दार लावलं. मी आत गेले तर भिंतीकडे तोंड करून झोपलेला. मी काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, "त्यांनी तुझी परवानगी मागितलेली नाही. तुला सांगितलंय. फरक आहे."

"तू त्यांच्या बाजूने कधीपासून?"

"बुधवारपासून," मी म्हटलं.

२३ मार्च, रविवार

आठवडाभर बापलेक मुके. मीठ हवं तर माझ्याकडे बघतात. माझं डोकं फुटायची वेळ आली. बाबांच्या दोन बॅगा भरून दाराशी उभ्या आहेत. नवरा त्यांना वळसा घालून ऑफिसला जातो, जशा काही त्या भिंतीच आहेत. लेक म्हणते, "आई, तू बोल." मी कालपर्यंत फार बोलले, त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

२९ मार्च, शनिवार

बाबा आज खाली गेले.

बॅगा लेकीने नेल्या. बाबा एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात इस्त्रीचे शर्ट घेऊन लिफ्टमध्ये शिरले. मशीन राहिलं. मी उचलायला गेले तर नवरा खोलीतून बाहेर आला. पायजम्यातच. मशीन उचललं, पोटाशी धरलं आणि जिन्याने निघाला. मी मागोमाग, वायर जमिनीला लागत होती ती धरून.

बाईंनी दार उघडलं. नवरा उंबऱ्यापाशी उभा. मला वाटलं, ठेवून परत फिरेल. बाईही हातातल्या रफूच्या कोटाच्या बाहीशी चाळा करत उभ्या. शेवटी तोच बोलला. मशीन धरूनच.

"त्यांना सकाळी उठल्या उठल्या बोललेलं आवडत नाही. चहा झाल्यावर बोलतात. रागावले तर सांगत नाहीत, बाल्कनीत जाऊन बसतात. तेव्हा आपणच जायचं. आणि डाव्या गुडघ्याला थंडीत शेक लागतो. मागत नाहीत, द्यावा लागतो."

मला हे कुठलं माहीत नव्हतं. मी बाबांचं सगळं करते असं म्हणते.

बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. "बरं," म्हणाल्या. "आत या ना."

"नको, कामं आहेत."

आत जाऊन तासभर बसला. मी आणि लेक दाराशेजारच्या बाकावर. निघायच्या आधी केलेला, लेकीने रुमालात आणलेला ब्रेड बाबांनी कापला. गरम गरम कापला, कापू नये असं पुस्तकात लिहिलेलं असताना. नवऱ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "जमलाय का?"

नवऱ्याने खाल्ला. बाईंनी आणखी वाढला. तोही खाल्ला.

जिना चढताना मला म्हणाला, "आत कच्चा होता."

"मग दोनदा कशाला घेतलास?"

तो दोन पायऱ्या चढला. मग म्हणाला, "खाणं थांबवलं असतं तर निघावं लागलं असतं."

मी कठड्याला धरून उभी राहिले. तोही थांबला, माझ्याकडे न बघता. खालून बाबांचा जाड आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, आणि मधूनमधून त्या बाईंचं हसू.